अ‍ॅडम्स–गोल्डफाइन प्रकरण

अमेरिकेचा अध्यक्ष ड्वाइट डी. आयझेनहॉवर याचा मुख्य सहायक शर्मन अ‍ॅडम्स (८ जानेवारी १८९९–२७ ऑक्टोबर १९८६) याची प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने १९५८ मध्ये केलेली चौकशी आणि तिच्यातून उठलेला राजकीय वाद. बर्नार्ड गोल्डफाइन या गिरणीमालकाकडून घेतलेल्या भेटवस्तू हे तिचे निमित्त. अध्यक्षाने सल्लागाराची उघड पाठराखण केली, तरी तीन महिन्यांत अ‍ॅडम्सला पद सोडावे लागले. सल्लागाराचा बचाव कोणकोणत्या मार्गांनी होतो आणि तो कुठे तोकडा पडतो, हे या प्रकरणात एकाच माणसाच्या बाबतीत पाहायला मिळते.

अ‍ॅडम्स हा न्यू हॅम्पशरमधील लाकूड व्यवसायातून राजकारणात आला. राज्याच्या विधिमंडळाचा सभापती, वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाचा एक कार्यकाळ आणि १९४९–५३ या काळात राज्यपाल, अशी पदे त्याने भूषवली. मार्च १९५२ मध्ये न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक निवडणुकीत त्याने आयझेनहॉवरची बाजू उचलून धरली आणि रिपब्लिकन पक्षाच्या उजव्या गटाचा लाडका सीनेटर रॉबर्ट टॅफ्ट तिथे हरला. हे त्या गटाने कधी विसरले नाही.

जानेवारी १९५३ पासून तो व्हाइट हाउसमध्ये ‘असिस्टंट टू द प्रेसिडेंट’ होता. लष्करी शिस्तीत वाढलेल्या अध्यक्षाला सेनापतीच्या हाताखाली असतो तसा कारभारप्रमुख हवा होता; पुढे ‘चीफ ऑफ स्टाफ’ म्हणून रूढ झालेल्या पदाचे मूळ इथे आहे. अध्यक्षासमोर जाणाऱ्या कागदावर आधी अ‍ॅडम्सची संमतीची आद्याक्षरे लागत. भेट मागणाऱ्यांना त्याच्याकडून बहुधा नकारच मिळे, तोही दोन शब्दांत आणि नमस्कार-चमत्काराशिवाय. हिमालयातल्या हिममानवाच्या इंग्रजी नावावर कोटी करून त्याला ‘अबॉमिनेबल नो मॅन’ म्हणत. सप्टेंबर १९५५ मध्ये आयझेनहॉवरला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा डेन्व्हरच्या इस्पितळातला अध्यक्ष आणि वॉशिंग्टनमधली खाती यांच्यातला दुवा अ‍ॅडम्सच होता. उद्या अ‍ॅडम्स गेला आणि आयझेनहॉवर अध्यक्ष झाला तर कसे व्हायचे, असा विनोद राजधानीत चाले. अशा माणसाला शत्रू भरपूर असतात आणि ते आपल्या पक्षातलेही असतात.

१९५८ मध्ये चौकशीला तोंड देण्याची त्याची ही पहिली वेळ नव्हती. जानेवारी १९५४ मध्ये महान्यायवादी हर्बर्ट ब्राउनेलच्या कार्यालयात एक बैठक झाली होती. सीनेटर जोसेफ मॅकार्थी आणि त्याचा सहकारी यांनी लष्करावर आणलेल्या दबावाची तपशीलवार टिपणे ठेवावीत, असे तिथे अ‍ॅडम्सने लष्कराच्या विधी सल्लागाराला सुचवले. पुढे सीनेटच्या सुनावणीत ही गोष्ट बाहेर आली. व्हाइट हाउसमधल्या माणसांना आता साक्षीला ओढले जाणार, हे दिसताच आयझेनहॉवरने १७ मे १९५४ रोजी संरक्षणमंत्र्याला पत्र लिहिले : कार्यकारी विभागातील अंतर्गत सल्लामसलतीविषयी कोणीही साक्ष देऊ नये. सल्लागाराला मोकळेपणाने सल्ला देता यायला हवा, आणि उद्या हेच बोलणे समितीपुढे उगाळले जाईल ही धास्ती असेल तर तो मोकळेपणाने बोलणार नाही, असा त्यातला युक्तिवाद होता. मॅकार्थीवर खार खाऊन असलेल्या वृत्तपत्रांनी त्या वेळी या पत्राचे स्वागतच केले. ‘एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज’ म्हणजे कार्यकारी विशेषाधिकार ही कल्पना पुढे ज्या प्रकरणांत वापरली गेली, त्यांत १९५४ च्या या पत्राचा दाखला वारंवार दिला जातो. १९५५ मध्ये डिक्सन–येट्स वीज कंत्राटाच्या चौकशीत सीनेटर एस्टिस केफॉव्हरने बोलावले, तेव्हाही अ‍ॅडम्सने अध्यक्षाशी असलेल्या गोपनीय संबंधाचे कारण देऊन साक्ष टाळली.

संसदीय पद्धतीला सरावलेल्या भारतीय वाचकाला हे थोडे विचित्र वाटेल. आपल्याकडे अधिकाऱ्याच्या कृतीबद्दल मंत्री सभागृहात उत्तर देतो. अमेरिकेत अध्यक्ष काँग्रेसपुढे उभा राहून उत्तरे देत नाही, आणि त्याच्या खाजगी सहायकाच्या नेमणुकीला सीनेटची संमतीही लागत नाही. मग त्याला जाब विचारायचा कुणी, हा प्रश्न तिथे कायम लटकत राहतो.

१९५७–५८ मध्ये प्रतिनिधिगृहाची एक विशेष उपसमिती नियामक आयोगांवर बाहेरून दबाव येतो का, हे तपासत होती. तिचा अध्यक्ष ऑरेन हॅरिस हा डेमोक्रॅट. जून १९५८ मध्ये तिच्यापुढे गोल्डफाइनचे व्यवहार आले. तो न्यू इंग्लंडमधल्या लोकरी कापडाच्या गिरण्यांचा मालक आणि राजकारण्यांना भेटी देण्याची हौस असलेला गृहस्थ होता. बॉस्टनच्या हॉटेलातील अ‍ॅडम्सच्या मुक्कामांची सुमारे ३,००० डॉलरची बिले त्याने भरली होती. शिवाय २,४०० डॉलरचा एक गालिचा आणि व्हिक्यूना लोकरीचा एक कोट. व्हिक्यूना हा अँडीज पर्वतातला उंटाच्या कुळातला प्राणी. त्याची लोकर पश्मिन्याहूनही तलम. चौकशी खरी आयोगांच्या स्वातंत्र्याची होती, पण लोकांच्या डोक्यात बसला तो कोट. त्याची किंमत वृत्तपत्रांनी ७०० डॉलर छापली. अ‍ॅडम्सच्या म्हणण्याप्रमाणे गिरणीत तो ६९ डॉलरला पडला होता.

गंभीर भाग वेगळा होता. गोल्डफाइनच्या कापडावरील लेबलांत लोकरीचे प्रमाण चुकीचे दाखवल्याची तक्रार फेडरल ट्रेड कमिशनकडे होती. अ‍ॅडम्सने आयोगाच्या अध्यक्षाकडे या प्रकरणाची विचारपूस केली आणि १९५५ मध्ये गोल्डफाइनची त्याच्याशी भेट ठरवून दिली. रोखे व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडेही व्हाइट हाउसमधून चौकशी गेली.

या वेळी अ‍ॅडम्सने विशेषाधिकाराची ढाल वापरली नाही. १७ जून १९५८ रोजी तो स्वतःहून उपसमितीपुढे गेला. गोल्डफाइन हा जुना मित्र, भेटींची देवाणघेवाण मैत्रीतली, गालिचा केवळ वापरायला दिलेला, आणि आयोगाला केलेला फोन कुणाही नागरिकासाठी केला असता तसाच, असा त्याचा बचाव होता. पुन्हा तशी वेळ आली तर आपण अधिक सावधपणे वागू, एवढे त्याने कबूल केले. मदत केल्याच्या बदल्यात काही घेतले, हे त्याने ठामपणे नाकारले. युक्तिवाद म्हणून हे अगदीच पोकळ नव्हते. फक्त व्हाइट हाउसमधून आलेला फोन आयोगाच्या अध्यक्षाच्या कानाला कुणा साध्या नागरिकाच्या फोनसारखा लागत नाही, ही गोष्ट वर्षानुवर्षे नकार देण्यात मुरलेल्या या माणसाला कळत नव्हती, असे मानणे कठीण आहे.

दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत आयझेनहॉवरने तयार निवेदन वाचून दाखवले. भेट म्हणजे लाच नव्हे, अ‍ॅडम्सचे वागणे अविचाराचे झाले असेल पण त्याच्या सचोटीविषयी आपल्याला शंका नाही, असे सांगून तो म्हणाला, “मला त्यांची गरज आहे.” बाकीचे निवेदन विसरले गेले, हे वाक्य राहिले. त्यात प्रामाणिकपणा होता, पण बचाव म्हणून ते कमकुवत होते. सहायक निर्दोष आहे असे म्हणणे वेगळे आणि त्याच्याशिवाय माझे चालत नाही असे म्हणणे वेगळे; दुसऱ्या म्हणण्यातून अध्यक्षाचीच अगतिकता दिसली. आणखी एक अडचण होती. १९५२ ची निवडणूक रिपब्लिकनांनी आधीचा अध्यक्ष ट्रूमन याच्या राजवटीतली घाण साफ करू या घोषणेवर लढवली होती आणि त्या प्रचारात भेटीदाखल दिलेल्या मिंकच्या महागड्या कोटांच्या प्रकरणाचा यथेच्छ वापर झाला होता. १९५६ मध्ये तर आयझेनहॉवरनेच बजावले होते की, माझ्या मैत्रीचे वा व्हाइट हाउसचे नाव सांगून कुणी सवलत मागायला आला तर त्याला तिथल्या तिथे हाकलून द्या. डेमोक्रॅटांना टीकेसाठी नवे शब्द शोधावेच लागले नाहीत.

जुलैमध्ये चौकशीचा तोल थोडा दुसरीकडे झुकला. गोल्डफाइनच्या मंडळींच्या हॉटेलातील खोलीवर चोरून मायक्रोफोन लावलेला सापडला आणि त्यात उपसमितीचा एक तपास अधिकारी व एक पत्रकार गुंतलेले निघाले. अधिकाऱ्याने राजीनामा दिला. हा फायदा गोल्डफाइनच्या साक्षीने घालवला. प्रश्नांना उत्तरे द्यायला त्याने नकार दिला आणि सभागृहाने त्याच्यावर अवमानाची कारवाई पुढे नेली. भेटींचा खर्च त्याने धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा केल्याचेही उघड झाले. मैत्रीच्या युक्तिवादाला मित्रानेच लावलेला हा सुरुंग होता.

अ‍ॅडम्सला अखेर विरोधी पक्षाने घालवले नाही. विल्यम नोलंड, बॅरी गोल्डवॉटर यांसारखे रिपब्लिकन सीनेटर त्याने जावे असे उघड म्हणू लागले, पक्षाला देणग्या देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. ८ सप्टेंबर १९५८ रोजी मेन राज्यात लवकर झालेल्या निवडणुकीत सीनेटर फ्रेडरिक पेन हरला. गोल्डफाइनच्या औदार्याचा लाभ त्यालाही झाला होता. नोव्हेंबरच्या निवडणुकीची ती नांदी समजली गेली. अध्यक्षाने ‘तू जा’ असे स्वतः म्हटले नाही; ते काम पक्षाध्यक्ष मीड अल्कॉर्न याच्यावर सोपवले. २२ सप्टेंबरला अ‍ॅडम्सने न्यूपोर्ट येथे सुटीवर असलेल्या आयझेनहॉवरची भेट घेऊन राजीनामा दिला आणि त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून देशाला सांगितले. आपण काही गैर केले नाही, ही भूमिका त्याने त्या भाषणातही सोडली नाही. तरीही नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकनांचा दारुण पराभव झाला. त्यामागे मंदीचाही मोठा वाटा होता.

अ‍ॅडम्सवर खटला कधीच झाला नाही. गोल्डफाइनला मात्र पुढे करचुकवेगिरीत शिक्षा झाली. सीनेटमधील डेमोक्रॅटांचा एके काळचा सचिव बॉबी बेकर याने १९७८ च्या आत्मकथनात असा दावा केला की, अ‍ॅडम्सला मिळालेल्या रोख रकमांचा पुरावा केनेडी प्रशासनाच्या हाती होता, पण आयझेनहॉवरच्या विनंतीवरून प्रकरण दाबले गेले. हा दावा कोणत्याही न्यायालयात तपासला गेलेला नाही.

१९५४ च्या पत्रातील युक्तिवादाला अ‍ॅडम्सपेक्षा जास्त आयुष्य लाभले. वॉटरगेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हा विशेषाधिकार मान्य केला, पण तो निरपवाद नसल्याचा निवाडा दिला. सरकारी वकिलांच्या बडतर्फीबाबत २००७ मध्ये सीनेटच्या समितीने जॉर्ज बुशचा सल्लागार कार्ल रोव्ह याला समन्स काढले, तेव्हा व्हाइट हाउसने त्याच विशेषाधिकाराचा आधार घेतला आणि रोव्ह हजर झाला नाही.

अ‍ॅडम्स न्यू हॅम्पशरमधील लिंकन या गावी परतला. १९६१ मध्ये त्याच्या आठवणींचे पुस्तक निघाले आणि १९६६ मध्ये त्याने लून माउंटन येथे बर्फावरील घसरखेळाचे केंद्र सुरू केले. आयझेनहॉवरने निरोपाला दिलेले, पंच या पेयाचे चांदीचे भांडे त्याच्याकडे होते. त्यावर ‘तुझा निष्ठावान मित्र’ अशा अर्थाचे शब्द आणि १९५८ हे साल कोरलेले होते.