मोटारीची कांति

मोटारगाडी ही यंत्रविद्येची कन्या खरी. पण तिचा पहिला पोशाख घोडागाडीच्या घरून आलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोप-अमेरिकेंतील कारखानदारांनीं एंजिन नवें केलें, चाकें नवीं केलीं. परंतु गाडीच्या अंगावर रंग चढविण्याचें काम ज्यांच्या हातीं दिलें, ते कारागीर पिढ्यानपिढ्या बग्ग्या रंगवीत आलेले होते. त्यांची रीत संथ होती. प्रथम अस्तर, मग जवसाच्या तेलांत कालवलेला रंग, त्यावर वार्निश. एक थर वाळला म्हणजे प्युमिस नांवाच्या हलक्या ज्वालामुखी दगडाच्या भुकटीनें आणि पाण्यानें तो घांसावयाचा, व मग दुसरा चढवावयाचा. असे अनेक थर पुरे होण्यास कित्येक आठवडे लागत. तयार गाडीच्या अंगांत पाहणाराला आपलें तोंड दिसे. मात्र उन्हापावसानें वार्निश पिवळें पडे, त्याला भेगा जात, आणि थोड्याच वर्षांत गाडी पुन्हां रंगाऱ्याकडे धाडावी लागे.

या कांतीचें मर्म त्या घांसण्यांत होतें. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेनें परततो. पृष्ठभागावर बारीक ओरखडे असले म्हणजे तो चोहोंकडे विखुरतो आणि रंग मळकट भासतो. ओरखडा कायमचा घालवावयाचा तर त्याच्या भोंवतालचा उंच भागच त्याच्या तळापर्यंत खालीं आणावा लागतो. म्हणजे चकाकी ही आहे त्यांतून कांहींतरी वजा करून मिळविलेली स्थिति होय. हौसेच्या व शर्यतीच्या मोटारींच्या रंगाचा इतिहास पाहिला, तर या साध्या गोष्टीचा माणसाला वारंवार विसर कसा पडला आणि तिची आठवण त्याला किती उशिरां झाली, हेंच त्यांत दिसून येतें.

हेन्री फोर्ड यांनीं १९०८ सालीं 'मॉडेल टी' ही गाडी बाजारांत आणली, आणि १९१३ सालीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू केली. लवकरच गाडीचा सांगाडा सुमारें दीड तासांत जुळूं लागला. पण रंग मात्र घाई मानीना. १९१४ पासून १९२५ पर्यंत ही गाडी केवळ काळ्या रंगांत मिळे. डांबराच्या जातीच्या द्रव्यापासून केलेलें 'जपान' नांवाचें काळें रोगण स्वस्त व टिकाऊ होतें, आणि धातूचे सुटे भाग त्यांत माखून भट्टींत भाजतां येत. ज्याला रंगीत आणि झळाळती गाडी हवी असेल, त्यानें बग्गीवाल्यांची जुनी रीत पत्करावी, आणि तिचा वेळ व पैसा मोजावा, हाच त्या काळाचा नियम होता.

शर्यतीच्या मैदानावर रंगाला निराळाच अर्थ आला होता. १९०० सालीं सुरू झालेल्या गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यतींतून प्रत्येक राष्ट्राला स्वतंत्र रंग देण्याची चाल पडली. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, इटलीचा तांबडा व ब्रिटनचा हिरवा हे रंग पुढें रूढ झाले, आणि दुरून धुळीचा लोट दिसला तरी त्यांतून कोणत्या देशाची गाडी येते हें प्रेक्षक ओळखूं लागले. १९३४ सालीं ग्रां प्री शर्यतींतील गाडीचें वजन ७५० किलोग्रॅमपेक्षां अधिक नसावें असा निर्बंध आला. त्या सालीं मर्सिडीजची गाडी तराजूंत किलोभर जास्त भरली, म्हणून तिचा पांढरा रंग रातोरात खरवडून काढला आणि खालचें रुपेरी अॅल्युमिनियम उघडें पडलें, अशी कथा संघाचे प्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर यांनीं पुढें सांगितली. इतिहास-संशोधकांनीं या कथेविषयीं गंभीर शंका घेतल्या आहेत. तरीहि ती लोकांच्या तोंडीं राहिली. कारण रंगाला वजन असतें, त्याला मोजतां येईल अशी जाडी असते, आणि ती माणसाच्या हातांनीं नाहींशी होऊं शकते, ही गोष्ट तींत सहज मनावर ठसते.

दरम्यान रंगशाळेंत मोठी क्रांति होऊन गेली होती. पहिल्या महायुद्धांत दारूगोळ्यासाठीं नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसासारख्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून बनविलेलें द्रव्य, अमाप प्रमाणांत तयार होई. युद्ध संपलें आणि त्या द्रव्याला दुसरें काम शोधावें लागलें. ड्यूपाँ ही अमेरिकन कंपनी आणि चार्ल्स केटरिंग यांच्या नेतृत्वाखालील जनरल मोटर्सचे संशोधक यांनीं मिळून 'ड्यूको' नांवाचें, फवाऱ्यानें मारण्याचें लॅकर सिद्ध केलें, आणि १९२४ सालच्या ओकलंड गाड्या त्या लॅकरच्या निळ्या रंगांत बाहेर पडल्या. आठवड्यांचें काम तासांवर आलें, आणि रंगांची निवड सामान्य गिऱ्हाइकाच्याहि आटोक्यांत आली. १९२७ सालीं जनरल मोटर्सनें हार्ले अर्ल यांच्या हाताखालीं 'कला आणि रंग' असा स्वतंत्र विभागच उघडला. याच कंपनीच्या गाड्यांची जुळणी १९२८ पासून मुंबईंत शिवडीच्या कारखान्यांत होऊं लागली.

लॅकर हा शब्द मराठी कानाला परका वाटतो. पण त्याचें कूळ या देशांतलें आहे. संस्कृतांतील लाक्षा, तीच आपली लाख, पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपांत गेली आणि हें नांव घेऊन परत आली. सावंतवाडीच्या लांकडी खेळण्यांवर जी लाख चढते, तिच्याशीं ड्यूकोचें नातें नांवापुरतेंच. मात्र एक गुण दोघींत समान निघाला: लाक्षागृहाची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हें नवें लॅकरहि झटकन् पेट घेई हें ऐकून नवल वाटणार नाहीं.

फवाऱ्यानें मारलेलें हें लॅकर वाळल्यावर काहींसें मंद दिसे. त्याची खरी कांति घांसल्याशिवाय उघडत नसे. शिवाय उन्हानें त्याचा वरचा पापुद्रा मरून खडूसारखा होई, तो मालकाला पुन्हां घांसून काढावा लागे. यांतूनच रविवारीं सकाळीं गाडी बाहेर काढून तिच्या अंगाला पॉलिश करणारा गृहस्थ पाश्चात्त्य शहरांत घरोघर दिसूं लागला. त्याच्या डब्यांत दोन प्रकारचीं द्रव्यें असत, आणि त्यांतील भेद त्याला पुष्कळदां ठाऊक नसे. पॉलिश म्हणजे ज्यांत अतिसूक्ष्म कठीण कण असतात असा लेप; तो रंगाचा थर झिजवितो. मेण तसें करीत नाहीं. तें वर बसतें, पाणी व धूळ कांहीं काळ दूर ठेवतें, आणि स्वतः झिजून जातें. एक खर्च करणारा, दुसरें राखणारें. दोन्ही डबे मात्र दुकानांत शेजारीं शेजारीं असत, आणि दोन्हींवर चकाकीचेंच वचन लिहिलेलें असे.

मेणांत श्रेष्ठ मानलें गेलें तें कार्नोबा. ब्राझीलच्या ईशान्य भागांत सिआरा, पियाउई या अवर्षणी प्रांतांत एक ताडासारखा वृक्ष होतो. कोरड्या ऋतूंत अंगांतील पाणी उडून जाऊं नये म्हणून तो आपल्या पानांवर मेणाचा पातळ थर धरतो. मजूर लांब दांड्यांना बांधलेल्या विळ्यांनीं तीं पानें उतरवितात, उन्हांत वाळवितात, आणि झोडपून त्यांवरची भुकटी गोळा करतात. मधमाशीचें मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतें. कार्नोबाला ८० हून अधिक अंश लागतात. म्हणूनच उन्हांत तापलेल्या बॉनेटवर तें टिकाव धरतें. तरी त्याचें आयुष्य आठवड्यांचें, फार तर कांहीं महिन्यांचें. पानाला सुकण्यापासून वांचविणारी वस्तु मोटारीच्या रंगाला वांचवूं लागली, ही योजना मोठी सुंदर आहे.

त्या जुन्या एकेरी रंगांत एक मोठी सोय होती. घांसतांना फडक्याला रंग लागे. तांबडी गाडी पुसणाऱ्याचें फडकें तांबडें होई, आणि आपण काय काढून घेत आहों हें त्याला डोळ्यांनीं दिसे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत दुहेरी पद्धत सर्वत्र पसरली: खालीं रंगाचा पातळ थर, आणि वर 'क्लिअरकोट' म्हणजे कांचेसारखा पारदर्शक थर. उन्हांतील अतिनील किरण अडविणारीं द्रव्यें या वरच्या थरांतच मिसळलेलीं असतात. त्याची जाडी सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाडीचा धरतात. म्हणजे लक्षावधि रुपयांच्या गाडीची सारी झळाळी केंसाहूनहि पातळ अशा पडद्यावर उभी असते. आणि हा पडदा घांसतांना फडक्याला रंग लागत नाहीं. जुनी सूचना नाहींशी झाली. झीज मात्र राहिली.

म्हणून आज जाणकार कारागीर हातीं यंत्र घेण्यापूर्वीं मापक घेतो, आणि दार, छप्पर, बॉनेट यांच्या ठिकठिकाणच्या रंगाची जाडी मोजून पाहतो. एकाच आंसाभोंवतीं जोरानें फिरणारें यंत्र क्षणांत उष्णता निर्माण करतें, आणि कडेवर, जेथें थर सर्वांत पातळ असतो, तेथें तें तळ गांठतें. दुहेरी गतीचें, झोके घेत फिरणारें यंत्र सौम्य असतें. घरीं काम करणाराला तेंच हितकर. खोल ओरखडा पुरता घालवावयाचा हट्ट न धरतां त्याच्या कडा बोथट करून तो नजरेआड करणें, हा या धंद्यांतील शहाणपणा होय. बहुतेक ओरखडे तर घरच्या धुण्यांतूनच येतात: अंगावरची धूळ पाण्यानें वाहून जाण्यापूर्वीं कोरडें फडकें फिरविलें कीं प्रत्येक कण लेखणीचें काम करतो. भरपूर पाणी, स्वच्छ मऊ कापड, फडकें पिळण्यास वेगळी बादली आणि सावली, इतक्या गोष्टी संभाळल्या तर पॉलिशची गरज क्वचितच पडते.

रक्षणाचे नवे उपायहि आले. अमेरिकन सैन्यानें व्हिएतनाम युद्धाच्या काळांत हेलिकॉप्टरचीं पातीं वाळू व खड्यांपासून वांचविण्यासाठीं पॉलियुरेथेनची चिवट पारदर्शक फिल्म वापरली. तीच पुढें शर्यतीच्या गाड्यांवर, आणि नंतर हौसेच्या गाड्यांवर आली. उडालेल्या खड्याचा मार ती स्वतः सोसते. दुसरा उपाय 'सिरॅमिक' लेपाचा. सिलिकासारख्या द्रव्यांचा हा अतिपातळ लेप पाणी व मळ चिकटूं देत नाहीं, आणि मेणापेक्षां पुष्कळ अधिक टिकतो. त्याच्या जाहिरातींत '९ एच' हा कठीणपणाचा आंकडा झळकतो. पण तें माप पेन्सिलीच्या शिशाचें आहे, हिऱ्यामाणकांच्या कसोटीचें नव्हे. खड्यापुढें या लेपाचा टिकाव लागत नाहीं. शिवाय लेपाखालीं जें आहे तेंच कायम राहतें. म्हणून व्यावसायिक तो चढविण्यापूर्वीं रंग घांसून घेतात. रक्षणासाठीं प्रथम खर्च करावा लागतो, हा या उपायांतील पेंच होय.

या सर्व इतिहासाचा निवाडा कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें झाला असें म्हणतां येईल. तेथें १९५० पासून मोटारींचें सौंदर्य-प्रदर्शन भरतें. दीर्घकाळ तेथील सर्वोच्च मान नव्यासारख्या झळकणाऱ्या गाड्यांकडे जाई. त्या मानासाठीं जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून नवा चढविला जाई, आणि तो मूळ गाडीच्या जन्मकाळींहि नव्हता इतका उजळ केला जाई. त्या खरवडण्याबरोबर कारागिराच्या हाताची खूण, जुन्या शर्यतींतील डाग, मधल्या मालकांनीं केलेल्या दुरुस्त्या, हा सारा पुरावा धुळीला मिळे. हळूहळू संग्राहकांना कळूं लागलें कीं, एंजिन पुन्हां घडवितां येतें, चामडें पुन्हां शिवतां येतें. पहिला रंग मात्र पुन्हां मिळत नाहीं.

ऑगस्ट २०२४ मध्यें तेथील सर्वोत्कृष्ट गाडीचा मान १९३४ सालच्या बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्स या गाडीला मिळाला. ग्रां प्री शर्यतींसाठीं जन्मलेली ही गाडी पुढें स्पोर्ट्स गाडी होऊन बेल्जमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली, आणि काळ्या अंगावर पिवळा पट्टा असें रूप तिनें घेतलें. तो रंग झिजला आहे. तरी कोणीं तो उजळला नाहीं. जशीच्या तशी राखलेल्या गाडीला हा मान मिळण्याची त्या प्रदर्शनांतील ही पहिलीच वेळ होती.

नव्या गाडीच्या मालकानें तिची कांति राखावी, ती मळूं देऊं नये, हें योग्यच. पण प्रत्येक घांसणीबरोबर एका मोजक्या ठेव्यांतून कांहीं भाग कायमचा जातो, हें ध्यानांत ठेवून फडकें उचलावें. राजाच्या त्या गाडीचा रंग आज पाहावयास मिळतो, याचें श्रेय तिला न घांसणाऱ्या हातांकडे जातें.