सीमारेषेच्या अलीकडे

गेल्या वर्षी डोंबिवलीत उपाशीपोटी तपासलेली माझी साखर ११२ निघाली. ‘बॉर्डरलाइन आहे, मधुमेह नाही,’ एवढ्यावर मी निर्धास्त झालो. पण लोकलमध्ये ठाण्याला उतरायला उठलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी ईसीजीच्या तारा लावून मला मिनिटाला सहा, असे खोल श्वास घ्यायला लावले. श्वास घेताना नाडी वाढते, सोडताना मंदावते. निरोगी माणसात हा फरक सहसा पंधराच्या वर असतो. माझा नऊ होता. अठ्ठावन्नाव्या वर्षाची सूट धरली तरी कमीच.

ही चाचणी आली कुठून, ते मी शोधत गेलो. १९७३ साली लंडनच्या व्हीलर आणि वॉटकिन्स यांनी दाखवलं की काही मधुमेहींचं हृदय श्वासाला दादच देत नाही, कारण त्याला आवरणारा व्हेगस मज्जातंतू निकामी झालेला असतो. एडिंबरोच्या युइंग आणि क्लार्क यांनी मग खोल श्वास, उभं राहणं, जोर करून फुंकणं अशा साध्या चाचण्या बसवल्या. त्यांच्या १९८०च्या पाहणीत, या चाचण्यांत दोष आढळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण पाच वर्षांत दगावले; त्यांतले काही अगदी अचानक.

पण हे सगळे मधुमेही. मग माझ्यासारख्यांचं काय? १९९७ साली अमेरिकी मधुमेह संघटनेनं मधुमेहाची रेषा १४० वरून १२६ वर आणली, ती मुख्यतः डोळ्यांच्या पडद्याला इजा कधी दिसू लागते ते पाहून. हृदयाच्या तंतूंना कुणी विचारलंच नव्हतं. जर्मनीतल्या ऑग्सबर्ग भागातल्या २०१५च्या पाहणीत रेषेच्या अलीकडल्या लोकांतही ठोक्यांचा हा चढउतार मंदावलेला आढळला. उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यानंतरची, दोन्ही साखरा चढलेल्यांत विशेष. व्हेगस लांब, आणि लांब तंतू आधी झिजतात. तळपाय म्हणूनच आधी बधिर होतात.

चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वरूपांत, म्हणजे रोग प्रकटण्याआधी, हातापायांची आग आणि बधिरता सांगितली आहे. म्हणून चरकाला हृदयाचे तंतू ठाऊक होते, असं मी म्हणणार नाही. तसले दावे दिवाळी अंकांत पुष्कळ होतात. मात्र ‘आधी’ हा शब्द त्यानं गंभीरपणे घेतला होता.

आपल्याकडे पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी तळहात-तळपायांच्या घामग्रंथींवरून हृदयाच्या तंतूंचा अंदाज घेता येतो का, हे पाहिलं, तेही मधुमेहींतच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत महाराष्ट्रात मधुमेही ८.४ टक्के होते आणि सीमेवरचे १२.८ टक्के. म्हणजे ‘काळजी नको’ असं ऐकून घरी जाणारेच जास्त.

अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात चालणं वाढवून वजन उतरवणाऱ्यांच्या ठोक्यांत पुन्हा लवचीकपणा आला होता. म्हणून मीही रोज संध्याकाळी चालतो. लोकलमध्ये कळवा गेलं की दांडी धरून हळूच उभा राहतो, आणि श्वास मोजतो.