सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर कशी घ्यायची? सीडी रिपिंगची पूर्ण माहिती

घरात आई-बाबांच्या जुन्या ऑडिओ सीडी पडून आहेत? नाट्यगीतं, अभंग, भावगीतं, एखाद्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग? यातलं सगळंच स्ट्रीमिंग ॲपवर मिळेल असं नाही. त्यात नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह येत नाही आणि सीडीही कायम टिकत नाही. म्हणून हे काम एकदाच करा, पण नीट करा.

नुसतं कॉपी-पेस्ट का चालत नाही?

विंडोजमध्ये ऑडिओ सीडी उघडली की 'ट्रॅक०१.सीडीए' अशा फाइल्स दिसतात. प्रत्येकीची साइज फक्त ४४ बाइट! त्यात गाणं नसतंच, सीडीवर गाणं कुठे सुरू होतं याचा फक्त पत्ता असतो. त्या पेनड्राइव्हवर टाकल्या तर काहीच वाजणार नाही.

खरा आवाज सीडीवर सलग आकड्यांच्या रूपात असतो. दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि तेही डाव्या-उजव्या अशा दोन चॅनेलसाठी. हे आकडे वाचून त्यांची फाइल बनवणं म्हणजे रिपिंग.

सीडी उघडल्यावर थेट एमपी३ फाइल्स दिसल्या तर ती एमपी३ सीडी आहे. ती सरळ कॉपी करा, रिपिंगची गरज नाही.

फॉरमॅट कोणता निवडायचा?

५ मिनिटांच्या एका गाण्याचा अंदाज बघा:

- वेव्ह (कॉम्प्रेशन नाही): सुमारे ५३ एमबी
- फ्लॅक: साधारण २५ ते ३५ एमबी
- एमपी३, ३२० केबीपीएस: १२ एमबी
- एमपी३, १२८ केबीपीएस: ५ एमबीच्या आत

एमपी३ आपल्या कानाला सहसा जाणवत नाही असा आवाजाचा भाग काढून टाकतं. तो भाग परत मिळत नाही. फ्लॅक मात्र झिप फाइलसारखं काम करतं: जागा कमी, पण एकही बिट हरवत नाही.

म्हणून मूळ कॉपी फ्लॅकमध्येच ठेवा. फोनसाठी हलकी फाइल हवी असेल तर त्या फ्लॅकवरून एमपी३ बनवा. उलटं करून उपयोग नाही. एमपी३चं फ्लॅक केलं तर साइज वाढेल, आवाज तोच राहील.

रिप कसं करायचं?

१. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडा.

२. सीडी मऊ, कोरड्या कापडाने पुसा. मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. लेबलची बाजू जास्त जपा. चमकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो, तो खरवडला तर तिथला डेटा गेलाच समजा.

३. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे सॉफ्टवेअर घ्या, घरगुती वापरासाठी ते फ्री आहे. मॅकवर म्युझिक ॲपच्या इम्पोर्ट सेटिंग्जमध्ये 'ॲपल लॉसलेस' निवडा आणि एरर करेक्शन ऑन करा.

४. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीमध्ये 'सिक्युअर' मोड ठेवा, फॉरमॅट फ्लॅक निवडा आणि रिप सुरू करा. वेळ लागतो, घाई करू नका.

रिप बरोबर झालं हे कसं कळणार?

हा भाग बरेच जण सोडून देतात. सीडीवर ओरखडा असेल तर ड्राइव्ह हरवलेला आवाज अंदाजाने भरून काढतो. ऐकताना ते चालून जातं. पण रिप करताना तसं झालं तर तो अंदाज किंवा 'टिक' असा आवाज तुमच्या फाइलमध्ये कायमचा राहतो.

यावर उपाय म्हणजे 'ॲक्युरेटरिप'. तुमच्या रिपचा निकाल त्याच सीडीच्या इतरांनी केलेल्या रिपशी ताडून पाहिला जातो. जुळला तर काम फत्ते. पण कमी खपलेली मराठी सीडी त्या डेटाबेसमध्ये नसू शकते. अशा वेळी 'टेस्ट अँड कॉपी' वापरा. सॉफ्टवेअर गाणं दोनदा वाचतं आणि दोन्ही वेळचा सीआरसी नंबर दाखवतं. नंबर सारखे आले तर रिप बहुतेक बरोबर आहे. वेगळे आले तर सीडी पुन्हा पुसा किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा.

नावं भरायला विसरू नका

बहुतेक ऑडिओ सीडींवर गाण्यांची नावंच नसतात. सॉफ्टवेअर ती इंटरनेटवरून शोधतं, पण मराठी सीडींच्या बाबतीत ती चुकीची किंवा अर्धवट येऊ शकतात. म्हणून कव्हर बघून गायक, संगीतकार आणि गीतकार स्वतः भरा. फ्लॅकमध्ये देवनागरी व्यवस्थित चालते. एमपी३ बनवताना 'आयडी३व्ही२' टॅग निवडा, कारण जुन्या 'व्ही१'मध्ये देवनागरी बसत नाही. कव्हरचा आतून-बाहेरून फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

शेवटचं, पण महत्त्वाचं

विकत घेतलेल्या सीडीची कॉपी स्वतःच्या वापरापुरतीच ठेवा, फाइल्स ग्रुपवर वाटू नका. एक बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या.

सुरुवात घरी रेकॉर्ड केलेल्या सीडींपासून करा. त्यांच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि तो ऊन, उष्णतेने खराब होतो. शिवाय आजोबांच्या भजनाची सीडी दुकानात पुन्हा मिळणार नाही.