लाल शाई : मानाची आणि चुकीची

गेल्या महिन्यात मी फार वर्षांनी लाल शाईची दौत विकत आणली. निमित्त झालं एका जुन्या विद्यार्थ्याचं. शाळेत मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. हा विद्यार्थी आता पन्नाशीला आला आहे. घर आवरताना त्याला आठवीतली निबंधाची वही सापडली, ती दाखवायला तो आला होता. माळ्यावर, गळक्या कौलांखाली राहून वही कधीतरी भिजली होती. त्याची निळी-काळी अक्षरं तरीही नीट वाचता येत होती. माझा लाल शेरा मात्र वाहून गेला होता. उरला होता नुसता गुलाबी डाग.

मी विचारलं, "काय रे लिहिलं होतं मी?"

तो हसला. म्हणाला, "सर, 'निबंध कुणाकडून लिहून घेतलास?' असं लिहिलं होतंत. मी स्वतःच लिहिला होता."

तो वही ठेवून गेला. मला काही चैन पडेना. मी लाल शाई आणली, जुनं पेन कोमट पाण्यानं धुऊन घेतलं. एका कागदावर लाल शाईनं एक ओळ लिहिली; तिच्याखाली जुन्या पद्धतीच्या, लोह असलेल्या निळ्या-काळ्या शाईनं तीच ओळ. दुसऱ्या दिवशी कागद नळाखाली धरला. लाल ओळ बघता बघता गुलाबी पाणी होऊन निघून गेली. खालची ओळ थोडी फिकटली, पण टिकली. लाल शाईची आणखी एक ओळ अर्धी पुठ्ठ्यानं झाकून खिडकीत उन्हाला ठेवली. तीन आठवड्यांनी पाहिलं, तर उघडा अर्धा भाग पार उडालेला होता.

असं का व्हावं? मायफळ आणि हिराकस यांपासून होणारी शाई हवा लागली की कागदाच्या तंतूंतच काळी पडते आणि तिथं घट्ट बसते. लाल शाईची गोष्ट वेगळी. १८७४ साली हाइन्रिश कारो या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 'इओसिन' नावाचा लाल रंग तयार केला. इओस म्हणजे ग्रीकांची उषादेवी. पाण्यात सहज विरघळणारा हा रंग लाल शाईसाठी सर्रास वापरला जाऊ लागला. पण जो पाण्यात सहज विरघळतो, तो पाण्याबरोबर जातोही सहज. आणि हा रंग उन्हालाही टिकत नाही. व्हॅन गॉगनं १८८८ साली आपल्या शयनगृहाचं चित्र काढलं, तेव्हा भिंती जांभळट होत्या. त्यातला लाल रंग उडाला आणि आज त्या निळ्या दिसतात.

मग आपल्या जुन्या पोथ्यांतली लाल अक्षरं अजून ठसठशीत कशी? ती हिंगुळाची आहेत. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं खनिज. ते खलात पुन्हा पुन्हा घोटायचं, वरचं पिवळसर पाणी ओतून टाकायचं आणि शेवटी डिंकाचं पाणी घालायचं. हिंगूळ पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण कागदावर बसतात. बोरूनं ते लिहिता येतं, पण फाउंटन पेनच्या केसाएवढ्या वाटा त्यानं बुजून जातील. पेनसाठी विरघळणारी शाईच हवी. लिहिणं सोपं झालं, पण लाल रंग कच्चा झाला.

या लाल रंगाला केवढा मान होता! इजिप्तमधले लेखनिक पपायरसवर मथळे लाल शाईनं लिहीत. चीनमध्ये छिंग घराण्याचे बादशहा अधिकाऱ्यांच्या अर्जांवर लाल शाईनं शेरे मारत, आणि बादशहा वारला की दुखवट्यात लालऐवजी निळी शाई वापरली जाई. आपल्या पोथ्यांत 'अथ', 'इति', 'उवाच', श्लोकांचे आकडे, दंड हे सारं लाल. लाल म्हणजे 'इथं थांब, लक्ष दे'.

आणि पोथीत चूक झाली तर? तिथं लाल शाई नव्हतीच. चुकीच्या अक्षरावर पिवळी हरताळ लावत. पुष्कळदा पोथीचा कागदच हरताळीनं पिवळा केलेला असे, त्यामुळे चूक झाकली जाई आणि वर नवं अक्षर लिहिता येई. 'हरताळ फासणं' हा आपला वाक्प्रचार तिथलाच. आज तो सगळ्यावर पाणी फिरवणं या अर्थी आपण वापरतो. पण लेखनिकाच्या हातातली हरताळ चूक मिटवून जागा मोकळी करून देणारी होती.

पुढं शाळा आल्या, परीक्षा आल्या. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि वड्यांचा व्यवसाय सुरू केला, त्यातून पुढं 'कॅमल' शाई घरोघरी गेली. शाई स्वस्त झाली, हाताशी आली. पण शिक्षकाच्या टेबलावरची लाल दौत 'अथ' लिहायला नव्हती. मानाचा रंग आम्ही चुकीला देऊन टाकला. 'लाल शेरा' म्हटलं की आज कुणालाही कौतुक आठवत नाही.

माझ्या शेऱ्याची शाई कच्ची होती, म्हणून माझी सुटका झाली असं मला क्षणभर वाटलं. पण कागदावरून गेलेला तो शेरा त्या मुलाला अजून पाठ होता.

परवा मी त्याची वही परत केली. आधी निबंध पुन्हा सावकाश वाचला. मग त्या गुलाबी डागाखाली टिकणाऱ्या निळ्या-काळ्या शाईनं लिहिलं : 'निबंध तुझाच आहे. चांगला आहे. चूक माझी होती.' खाली तारीख घातली, आजची.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)