सांविधानिक उपाययोजनेचा हक्क

मूलभूत हक्कांवर गदा आल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा, भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२ ने दिलेला हक्क. हाही मूलभूत हक्कच आहे. डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधानसभेत यालाच संविधानाचा आत्मा म्हटले, आणि ते सार्थ होते. न्यायालय देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार, प्राकर्षण हे प्राधिलेख, म्हणजे विशेष आदेश, काढते. देहोपस्थितीमुळे अटकेतील व्यक्तीला न्यायालयापुढे आणून अटकेचे कारण द्यावे लागते. तिहार तुरुंगातील मारहाणीबद्दल एका कैद्याने न्यायमूर्तींना लिहिलेले साधे पत्रही याचिका मानले गेले. मात्र १९७६ साली, आणीबाणीत, न्यायालयाने बहुमताने स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागण्याचे दार बंद केले, न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात राहिले. ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ च्या हक्कांची दाद रोखता येत नाही.