त्याला सांग, जेवाला ये

आमच्या नावड्यात गटारी म्हणजे दणका. श्रावण लागायच्या आत घरोघर कोंबडी, नाहीतर खाडीच्या चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि पुरुषमंडळींच्या बाटल्या. आता तळोज्याचे कारखाने झाले, चिंबोऱ्या बाजारातून येतात, पण दणका तोच. आमच्या घरी मात्र त्या दिवशी वालाची आमटी नि भात. कारण आत्याआजी, म्हणजे आजोबांची थोरली बहीण.

तिला रेवसकडे दिली होती. नवरा मुंबईला गिरणीत. पोरगा शिकायला बापापाशी, नऊ की दहा वर्षांचा. 1947च्या गटारीला तिनेच निरोप धाडला, पोराला घेऊन या, कोंबडा राखलाय. नवऱ्याला रजा मिळाली नाही असं आई सांगायची. काकाच्या मते त्याला खाडा नको होता. खरं काय ते दोघंच जाणत. 17 जुलैच्या सकाळी त्याने पोराला शेजाऱ्याच्या हाती दिलं, भाऊच्या धक्क्यावर 'रामदास' बोटीत बसवलं आणि तो पाळीला गेला.

पुढचं आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी सगळ्यांनाच सांगितलेलं. भर पावसात, काशाच्या खडकाजवळ लाट आली, घाबरलेली माणसं एका अंगाला धावली नि बोट उलटली. सहाशेंहून जास्त जीव गेले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी पाण्यात ओतून मिळतील तेवढी माणसं होड्यांत घेतली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला कळेस्तोवर दुपार टळून गेली. गिरणीत तो तोपर्यंत साच्यावर उभाच.

आता दर्याशी आणि बोटवाल्यांशी भांडणार कोण? तो दोष घरात आला आणि नवराबायकोने वाटून घेतला. तिचं, मी बोलावलं. त्याचं, मी धाडलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. लोक म्हणत, एकमेकांवर डूख धरलाय. मला तसं कधी वाटलं नाही. एकाने तोंड उघडलं तर दुसऱ्याच्या तोंडून नको ते निघेल, ही धास्ती असावी.

महिन्याभरात स्वातंत्र्य आलं. गिरणीत मिळालेले लाडू तो पंचाच्या गाठीत बांधून गावी घेऊन आला. घरात कोणी शिवलं नाही, मुंग्यांनी खाल्ले. हे आत्याआजीच सांगायची, आणि हसायची.

गिरणी सुटल्यावर दोघं आमच्याकडे राहायला आली. आमच्या घरात कोणी ना कोणी पोर त्यांचं पोस्ट असायचं. माझी पाळी आली तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. ती चुलीपाशी, तो ओट्यावर, मध्ये दहा पावलं.

"त्याला सांग, जेवाला ये."

"तिला सांग, मना भूक नाय."

दोघांनाही सगळं ऐकू जायचं. तरी मी पळायचो, कारण निरोपागणिक आत्याआजी सुक्या जवळ्याची चिमूट हातावर ठेवायची.

एकदा भातलावणीच्या दिवसांत मी घरी नव्हतो. मुलं सगळी शेतावर. त्याने घास घेतला आणि थेट तिलाच म्हणाला, "कालवनात मीठ नाय."

"मंग घाल. हात नायत काय?"

आई उंबऱ्यावरून धावत शेजारी सांगायला गेली म्हणे, बोलली, दोघं बोलली! त्यानंतर ती दोघं मिठावरून, कोंबड्यांच्या खुराड्यावरून, बिडीच्या थोटकांवरून दिवसभर भांडत. माझा जवळा तेवढा बंद झाला.