सात लाईन्स, एकच केबल

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी हा भाग लिहून देतोय.

आधी एक प्रश्न. तुमच्या फोनमध्ये दोन कंपन्यांची दोन सिम आहेत का? एकाची रेंज गेली तर दुसरं चालेल म्हणून घेतलीत ना? मग गावाकडे कधीकधी दोन्हींची रेंज एकदम कशी जाते? कारण बऱ्याचदा दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर असतात. टॉवरची वीज गेली की दोन्ही सिम गप्प.

हीच चूक इंटरनेटच्या इतिहासात फार मोठ्या लोकांनीही केली आहे.

१२ डिसेंबर १९८६. मध्यरात्र उलटून एक वाजून अकरा मिनिटं. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातला न्यू इंग्लंड हा भाग अर्पानेटपासून तुटला. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचं पूर्वज. एमआयटी, हार्वर्ड, अर्पानेटचे पहिले राउटर बनवणारी बीबीएन कंपनी, सगळे इथलेच. त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या लाईन्स होत्या सात! एक तुटली तर सहा उरतील, असा हिशोब. पण या सातही लाईन्स नेवार्क आणि व्हाइट प्लेन्स या गावांच्या दरम्यान एकाच फायबर केबलमधून जात होत्या. ती केबल तुटली आणि सातही एकदम गेल्या. पूर्ववत व्हायला दुपारचे बारा वाजून गेले. म्हणजे तब्बल अकरा तास.

गंमत बघा. १९६४ मध्ये पॉल बॅरन या इंजिनिअरने रँड संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालांत मांडलं होतं, की प्रत्येक ठिकाणाला गरजेपेक्षा तीन-चारपट रस्ते दिले तर मोठ्या हल्ल्यातही नेटवर्क टिकतं. गणित बरोबर होतं. पण नकाशावर सात रेषा काढल्या म्हणून जमिनीखाली सात रस्ते तयार होत नाहीत.

हा झाला तारेचा घोळ. दुसरा घोळ आपल्याच दाराशी होतो, फायरवॉलमध्ये.

इंटरनेटचे जुने पत्ते सुमारे ४३० कोटीच. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी 'नॅट'ची पद्धत मांडली. घरातली सगळी उपकरणं बाहेर एकाच पत्त्याने ओळखली जातात. त्याच सुमारास इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीची फायरवॉल आली. ती प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवायची: कोण बाहेर गेलं, कुणाचं उत्तर आत येऊ द्यायचं.

आता ऑफिसात दोन कनेक्शन घ्या. प्रत्येकाचा बाहेरचा पत्ता वेगळा. एकाच संभाषणाचं एक पॅकेट या लाईनने आणि पुढचं त्या लाईनने पाठवलं, तर पलीकडच्या सर्व्हरला दोन अनोळखी माणसं बोलतायत असं वाटतं. म्हणून फायरवॉल पॅकेट वाटत नाही, अख्खी संभाषणं वाटते. आणि म्हणूनच १००-१०० एमबीपीएसच्या दोन लाईन्स घेऊनही एका फाईलचं डाउनलोड २०० ने होत नाही. फायरवॉल बिघडलेली नसते, तिचं कामच तसं आहे.

पण एक वेबसाईट अनेक संभाषणं उघडते. बँकेचं लॉगिन पहिल्या लाईनने झालं आणि पुढचं पान दुसरीने मागितलं, की बँकेला संशय येतो: 'आत्ता तर हा वेगळ्या पत्त्यावर होता!' लगेच लॉगआउट. 'नेट चालू आहे पण बँक चालत नाही' अशी तक्रार आली की आधी हेच तपासा. उपाय सोपा: एका माणसाला ठरावीक वेळ एकाच लाईनवर टिकवून ठेवायचं, किंवा बँकेसारख्या साईट्सना एक लाईन नेमून द्यायची.

दुसरी तक्रार: 'लाईन बंद पडली, तरी फायरवॉल तिकडेच पाठवत राहिली.' अशा वेळी बघा, फायरवॉल पिंग कुणाला करतेय? शेजारच्या मोडेमला करत असेल तर तो बिचारा 'मी आहे' म्हणणारच! पुढची तार तुटली हे त्याच्या उत्तरातून कळत नाही. पिंग दूरच्या सर्व्हरला हवं, आणि प्रत्येक लाईनची तपासणी त्याच लाईनमधून जायला हवी. नाहीतर मेलेल्या लाईनची खबर जिवंत लाईन देते. डीएनएसचंही बघा. काही कंपन्यांचा डीएनएस सर्व्हर फक्त स्वतःच्याच ग्राहकांना उत्तर देतो.

एवढं सगळं नीट केलं, तरी १९८६ चा प्रश्न उरतोच. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल्स बिघडल्या: सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. नावं वेगळी, मालक वेगळे, पण दोन्ही मुंबईत येणाऱ्या आणि दोन्ही त्याच समुद्रातून जाणाऱ्या. भारतभर इंटरनेट मंदावलं. कंपन्यांनी वाहतूक उलट्या बाजूने, पूर्वेकडून वळवली. म्हणजे खऱ्या अर्थाने वेगळा असलेला रस्ताच कामी आला.

तेव्हा ऑफिससाठी दुसरं कनेक्शन घेताना स्पीड आणि भाव नंतर विचारा. आधी एवढंच विचारा: 'तुमची वायर आमच्या इमारतीत कुठून येते?' दोन्ही कंपन्यांनी एकाच खांबाकडे बोट दाखवलं, तर बिलं दोन येतील, पण लाईन एकच असेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर इअरफोन विसरू नका!